थर्सफील्डची दुनळी

शनिवार, ३ सप्टेंबर १९८३, ब्रॉमहोप

आलो एकदाचे. सामानाची गाडी साडेदहाला दारात लागली आणि एक वाजेपर्यंत बेरिलने स्वयंपाकघर लावूनही टाकलं. पडदे उद्या. दुपारी आम्ही अंगणात खोक्यांवर बसून पोर्कची गार पेस्ट्री खाल्ली, वर चहा. समोर टेकडी, टेकडीवर मेंढ्या, आणि खालून नदीचा आवाज. चाळीस वर्षं बर्मिंगहॅमच्या कारखान्यात लेथचा आवाज ऐकल्यावर ही शांतता कानात बोटं घातल्यासारखी वाटते.

बेरिल म्हणते, निवृत्त झाल्यावर लोकांचे नवरे त्यांना समुद्रकाठी नेतात, माझ्या नवऱ्याने मला एका मेलेल्या बंदूकवाल्याच्या घरात आणून टाकलं. म्हणते आणि हसते. बत्तीस वर्षांत तिने माझ्या बंदुकांना नावं ठेवली नाहीत असा आठवडा गेला नसेल. पण खोक्यातून त्या आठही जणी काढून भिंतीवर लावताना शिडी तिनेच धरली.

मेलेला बंदूकवाला म्हणजे एलायस थर्सफील्ड. १८२६ ते १८५० या काळात याच घरात, मागच्या लांबट खोलीत, त्याने ठासणीच्या बंदुका घडवल्या. माझ्या वहीत गेल्या अकरा वर्षांत त्याच्याबद्दल जेमतेम चार पानं भरली आहेत. त्याच्या कामाच्या दोनच बंदुका मी पाहिल्या, दोन्ही दुसऱ्यांच्या हातात. मोठ्या शहरांतल्या नावाजलेल्या कारागिरांवर जाडजूड ग्रंथ निघतात. गावातल्या या माणसावर कुणी ओळ लिहिलेली नाही. ती मी लिहिणार.

घर त्याच्या बहिणीच्या वंशातल्या मिस प्रॉसर यांचं. मी कागदपत्रांची चौकशी करायला पत्र टाकलं, तर त्यांनी उलट विचारलं, घरच भाड्याने घ्याल का? आणि ठासणीच्या बंदुका तुम्ही नुसत्या जमवता, की स्वतः भरून चालवता, साफ करता? चालवतो, साफ करतो, असं कळवलं. आठवड्यात किल्ली आली.

सोमवार, ५ सप्टेंबर

मिस प्रॉसर सकाळी येऊन गेल्या. पंचाहत्तरीच्या असतील, गल्लीच्या टोकाला राहतात. हातांची बोटं संधिवाताने अगदी मुळ्यांसारखी वाकलेली. कपात चहा दिला तर दोन्ही तळव्यांत धरून प्याल्या. सोबत एक ओकची पेटी आणली होती, शेजाऱ्याने हातगाडीवरून आणून दिली.

पेटीत त्याची दुनळी होती.

बेरिल सांगते की माझं तोंड उघडंच राहिलं होतं. तीस इंची दोन नळ्या, त्यांच्यावर वळ्यावळ्यांची तपकिरी नक्षी, दस्ता अक्रोडाचा, मधासारखा. घोडे माशाच्या कल्ल्यांसारखे नाजूक वळवलेले. चापाच्या पट्टीखाली क्रमांक ६१. कुठे गंजाचा ठिपका नाही. इतकी जुनी बंदूक कधी अशी मिळत नाही, कारण कुणी इतकी वर्षं रोज पुसत नाही. मिस प्रॉसर म्हणाल्या, त्या पुसत होत्या. आता बोटं चालत नाहीत. तुम्ही जाणकार, तुमच्याकडे राहू दे.

किती दिवस, म्हणून विचारलं. त्या उठल्याच. म्हणाल्या, राहू दे.

रविवार, ११ सप्टेंबर

गावात ठासणीवाल्यांचं मंडळ आहे, दर रविवारी दुपारी विल्फ गिटिन्सच्या शेतावर जमतं. यंत्र मातीच्या चकत्या हवेत फेकतं, आपण त्या फोडायच्या. सगळे मिळून नऊजण, त्यात एक पाद्री आणि दोन गवंडी. विल्फ सत्तरीचा, मेंढ्या पाळणारा. डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. वीस वर्षांपूर्वी एक नळी भरताना दुसरी उडाली. ते तो हवापाण्यावर बोलावं तसं सांगतो.

मी मापून दारू ओतली, पुठ्ठ्याची चकती ठासली, छर्रे, वर पातळ चकती. विल्फ मागून बघत होता. म्हणाला, शहरातली माणसं बार भरतात की बाळाला चमच्याने पेज भरवतात? सगळे हसले. मग मी ६१ खांद्याला लावली आणि पहिल्याच चकतीचा भुगा झाला. धुराचा ढग विरेपर्यंत मलाही दिसलं नाही, बेरिलच्या टाळीवरून कळलं. वीसपैकी सतरा. माझ्या आयुष्यात कधी तेराच्या वर गेलो नव्हतो. खांद्याला ती अशी बसते, जणू मापं माझीच घेतली होती.

विल्फने ती हातात घेतली नाही. मी पुढे केली तर म्हणाला, तुझी आहे, तूच धर. घरी येऊन गरम पाण्याने नळ्या धुतल्या, तेल लावलं, भिंतीवर टांगली. आज फार आनंदात आहे.

मंगळवार, १३ सप्टेंबर

एक चूक झाली, ती प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

सकाळी सवयीने ६१ च्या नळीत गज सोडला. धुतलेल्या, रिकाम्या नळीत गज तळाला जाऊन ठण् वाजतो. आज तो तीन बोटं आधीच थांबला, मऊ आवाज करून. उजवी भरलेली. डावीही भरलेली.

रविवारी मी नळ्या धुतल्या. पाणी आरपार गेलेलं बेरिलने पाहिलंय, तिच्या फरशीवर सांडलं म्हणून मला बोलली होती. तरी भरलेली. मी गजाच्या टोकाला मळसूत्र लावून दोन्ही बार काढले. माझ्या वडिलांना एकसष्टाव्या वर्षीच विसरायला होऊ लागलं होतं. मला पुढच्या महिन्यात एकसष्ट होतील. बेरिलला सांगितलं नाही.

शनिवार, १७ सप्टेंबर

बेरिलला सांगावं लागलं. बुधवारी भरलेली होती. गुरुवारी मी दारूचा डबा कुलूपबंद करून किल्ली तिच्याकडे दिली, का ते न सांगता. शुक्रवारी पुन्हा भरलेली. काढलेली दारू कागदावर पसरून भिंगाखाली पाहिली. माझी नाही. माझी बारीक, एकसारखी असते. ही जाड, ओबडधोबड, हाताने कुटल्यासारखी. चकत्यादेखील पुठ्ठ्याच्या नाहीत, जुन्या लोकरी टोपीतून कापल्यासारख्या.

आज दुपारी जेवणानंतर आम्ही दोघं स्वयंपाकघरात होतो. बेरिल वाटाणे सोलत होती. मागच्या खोलीतून गजाचा आवाज आला. ठासताना येतो तोच: लांब घसट, मग तीन ठोके. थोडं थांबून पुन्हा घसट, तीन ठोके. बाहेर लख्ख ऊन होतं. बेरिलने माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात टेबलावर होते.

खोलीत कुणी नव्हतं. बंदूक भिंतीवर, नळ्या गार. दोन्ही भरलेल्या.

मला लाज वाटते, पण लिहितो: आधी मला हायसं वाटलं. म्हणजे माझं डोकं ठीक आहे.

बुधवार, २१ सप्टेंबर

जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात गेलो होतो. मी वर्षानुवर्षं शोधत होतो ती वही तिथे चुकीच्या नावाखाली पडून होती: थर्सफील्डची चाचणीची वही. बंदूक तयार झाली की त्याची बायको हॅना बार भरून द्यायची आणि तो अंगणात उडवून बघायचा. प्रत्येक ओळ एकसारखी. तारीख, बंदुकीचा क्रमांक, दारू किती, छर्रे किती, आणि शेवटी: बार हॅनाने भरला, मी उडवला.

१९ मार्च १८४१. क्रमांक ६१. त्या दिवसाच्या मृत्यूच्या चौकशीचा कागद वहीतच होता: उजवी नळी भरून झाली होती. हॅना डावी ठासत होती आणि उजवीचा घोडा चढलेला राहिला होता. त्याने चढवलेला. ती नळीच्या तोंडावर वाकलेली असताना उजवी उडाली, हॅना जागीच गेली. एलायसने वहीत फक्त एवढंच लिहिलंय: डावी अर्धी राहिली.

पुढचं पान कोरं. त्यापुढचं २ एप्रिलचं. क्रमांक ६२. बार हॅनाने भरला, मी उडवला.

मला वाटलं, दुःखातल्या माणसाच्या हाताची सवय. पानं उलटत गेलो. नऊ वर्षं, प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच. शेवटची नोंद नोव्हेंबर १८५० ची. बंदुकीच्या क्रमांकाचा रकाना मोकळा. दारू, छर्रे, नेहमीएवढे. बार हॅनाने भरला. मी उडवला, हे नाही.

चर्चच्या दफनाच्या नोंदीत त्याच आठवड्यात एलायसचं नाव आहे. समासात पाद्र्याने लिहून ठेवलंय की या शवपेटीजवळ मेणबत्ती नेऊ नये.

बसमध्ये मी ते तीन-चारदा वाचलं. अर्थ लागला नाही.

सोमवार, २६ सप्टेंबर

बेरिल म्हणाली, एक तर ती या घरात राहील नाहीतर मी. रागाने नाही म्हणाली. रोज सकाळी आणि दुपारी ते ठोके. काल मी बार काढला, तासाभरात पुन्हा भरलेला, दुप्पट. परवा पाहुणी म्हणून आलेल्या पाद्र्याच्या बायकोसमोर गज वाजला, आणि बेरिलने तिला सांगितलं की होरेस मागे काम करतोय. मी तिच्या शेजारी बसलो होतो.

आज सकाळी मी ६१ गोणपाटात गुंडाळली, पुलावर गेलो, आणि जिथे नदी खोल आहे तिथे सोडून दिली. एका कारागिराचं सर्वांत सुंदर काम. अकरा वर्षं मी याच्यासाठीच— असो. परत येईपर्यंत डोळे पुसले. बेरिलने गरम सूप करून ठेवलं होतं. दिवसभर घर शांत.

गुरुवार, २९ सप्टेंबर

शांतच आहे. बेरिलचा घसा दुखतोय. कोरडा टोस्ट अडकल्यासारखं वाटतं म्हणाली. गारठा बाधला असेल. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, पाणी करड्या रंगाचं आलं. मी तिला अंथरुणातून उठू देत नाही, स्वयंपाक मीच करतो. ती म्हणते, तुझं जेवण खाऊन मरण्यापेक्षा घशाने मेलेलं बरं.

रविवार, २ ऑक्टोबर

डॉक्टरने शनिवारी घशाचा आणि पोटाचा एक्स-रे काढायला पाठवलं होतं. आज त्याने स्वतः येऊन फोटो दाखवला. पोटात बारीक पांढरे ठिपके, अडीचशेएक. तो हसला. म्हणाला, ब्रॉमहोपमध्ये निम्म्या गावाच्या पोटात असतात, ससा खाताना छर्रे गिळले जातात.

आम्ही इथे आल्यापासून ससा खाल्लेला नाही.

ठिपके मोजता येतील एवढे स्पष्ट होते. सहा नंबरचे छर्रे, एका बाराएवढे.

सोमवार, ३ ऑक्टोबर

दुपारी ती झोपली होती. मी खुर्ची टाकून शेजारी बसलो होतो. खिडकीतून ऊन पांघरुणावर पडलं होतं. तिचे ओठ उघडले. स्वतःहून नाही, कुणीतरी अंगठ्याने उघडावेत तसे. मग तिच्या गळ्याची कातडी आतून वर आली आणि खाली गेली. लांब. मग आखूड, तीनदा.

आवाज नव्हता. मला आवाज माहीत आहे, म्हणून तो ऐकू आला.

मी तिला उठवलं, उलटी करवली. काळं पाणी, आणि लोकरीची एक गोल चकती. बेरिलने ती तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिली. म्हणाली, माझ्या तोंडात कुणाचा तरी हात होता रे.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

मंगळवारी किडरमिन्स्टरला, तिच्या बहिणीकडे गेलो. इव्हीला घसा धरल्याचं सांगितलं. बुधवारी सकाळी तिथेही. आज तिथेही, दोन बार. ओठांच्या कडा काळ्या पडल्यात. इव्ही म्हणाली, हिला हॉस्पिटलात ने. नेलं. त्यांनी घसा पाहिला, सुजलाय म्हणाले, गोळ्या दिल्या. पोटातलं काढा म्हणालो तर माझ्याकडे पाहून एकमेकांकडे पाहिलं.

परत ब्रॉमहोपला. बेरिल म्हणाली, इव्हीच्या घरात नको.

शनिवार, ८ ऑक्टोबर

मिस प्रॉसरकडे गेलो. मी पेटीचं नाव काढताच त्यांनी विचारलं, रोज रिकामी करता ना?

मी सांगितलं, नदीत टाकली.

त्या खाली बसल्या. मग सांगितलं, आणि मी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो, कारण मला पुन्हा पुन्हा वाचायचे आहेत:

"हॅना ती रोज भरते, मिस्टर टिमिन्स. कुणीतरी रोज रिकामी करायची, एवढंच. बंदुकीचं रिकामं तोंड मिळालं की ती दुसरीकडे जात नाही. एलायसने बंदूक विकून टाकली, सहा आठवड्यांत तो गेला. बहिणीने शोधून परत आणली. माझ्या वडिलांनी नळ्यांत शिसं ओतून तोंडं बंद केली. वडील गेले. आईने शिसं काढलं. मग आई, मग मी. एकावन्न वर्षं मी रोज सकाळी बार काढला. गेल्या हिवाळ्यापासून बोटांत मळसूत्र धरता येईना."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं तर आला असता तुम्ही?"

मग त्या म्हणाल्या, मला वाटलं, हौशी माणूस आहे, रोज साफ करतो म्हणाला, त्याला कळायचंही नाही. हे म्हणताना त्या रडत होत्या. मला त्यांचा राग यायला हवा. ती सुंदर वस्तू मीच पुलावरून सोडली. रोज दहा मिनिटांचं काम होतं.

निघताना त्यांनी माझी बाही धरली. म्हणाल्या, घरात विस्तव ठेवू नका. काडीसुद्धा नको.

रविवार, ९ ऑक्टोबर

काल रात्रीच शेगडी विझवली. गॅसचा खटका बंद केला. माझ्या आठही बंदुका पलंगाभोवती उभ्या करून ठेवल्या, नळ्यांची तोंडं वर. एकीलाही ती शिवली नाही. सकाळी सगळ्या रिकाम्या. बेरिल भरलेली.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

विल्फला सगळं सांगितलं. वाटलं हसेल. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, त्याच्या आजोबांनी एलायसचं दफन पाहिलं होतं, अंधारातच पेटी नेली होती. बंदूक हातात न घेण्याचं कारण तेच.

कालपासून आम्ही दोघं नदीत गळ टाकतोय, काटेरी साखळी ओढतोय. टेकड्यांवर पाऊस झालाय, पाणी तांबडं, पुलाच्या कमानीपर्यंत. गोणपाटाचा तुकडा लागला. नुसताच.

बेरिलला रोज सकाळी उलटी करवतो. दुपारपर्यंत पुन्हा. जितक्यांदा काढतो तितकं घट्ट ठासलं जातं. तिला आता नीट बोलता येत नाही. पाटीवर लिहिते. आज लिहिलं: चहा.

मी नाही म्हणालो. गार पाण्यात दूध घालून दिलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की—

गुरुवार, १३ ऑक्टोबर

पाचवा दिवस बिनविस्तवाचा. सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. दोन कोट, तीन पांघरुणं, तरी तिचे हात निळे. पाणी ओसरतंय. विल्फ म्हणतो, उद्या तळ दिसेल.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

पुलावर बार ऐकू आला. एकच.

विल्फनेही ऐकला. तो साखळी टाकून माझ्याआधी पळाला. सत्तरीचा माणूस.

तिने गॅसचा खटका शोधून काढला होता, काडी ओढली होती. किटलीत पाणी भरलेलं. दोन कप काढून ठेवलेले, एक माझा—

मंगळवार, १८ ऑक्टोबर

पोलिसांनी आठही बंदुका नेल्या. एकही चालवलेली नाही, असं त्यांनाच आढळलं. विल्फने शपथेवर सांगितलं की मी त्याच्याबरोबर नदीवर होतो. चौकशी तहकूब. कसं झालं ते त्यांच्या कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. तरुण हवालदार माझ्याशी फार हळू बोलत होता.

इव्ही दफनाला आली. माझ्याकडे पाहिलं नाही. चर्चमध्ये मी पाद्र्याला मेणबत्त्या विझवायला सांगितल्या. आता गरज नव्हती. सांगितल्या.

रविवार, २३ ऑक्टोबर

नदी उतरली. तळ दिसतो. तिथे काही नाही. विल्फ खाली पाच मैल चालत गेला, दोन्ही काठांनी. काही नाही.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

घसा दुखतोय.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

दोन बोटं घालून काढलं. काळं. लोकर. संध्याकाळपर्यंत पुन्हा. झोपलो नाही तरी होतं. बसल्या जागी ओठ उघडतात. तोंडात थंड लोखंडाची चव, आणि त्यामागे, जिभेवर, बोटं. लहान. कामाची, खरखरीत. घाई नाही करत. चांगलं भरते ती. मी इतकं चांगलं कधी भरलं नाही.

मिस प्रॉसरच्या खिडकीतला पडदा हलला. दार उघडलं नाही. मी आहे तोवर त्यांना भीती नाही. विल्फला कळवलं नाही, त्याला वाटतं बेरिलबरोबर ते संपलं.

मंगळवार, १ नोव्हेंबर

आवाज गेला. सगळं थंड खातो. ब्रेड, चीज. गिळता येत नाही. हॉस्पिटल नको, तिथे माणसं आहेत. पळून जायला जागा नको, जिथे जाईन तिथे कुणीतरी सिगारेट पेटवेल.

बेरिलची पाटी वापरतो. पुसत नाही तिचा शब्द. खाली लिहितो.

शनिवार, ५ नोव्हेंबर

गावात शेकोटीचा दिवस. चार वाजल्यापासून फटाके. खिडक्यांच्या फटींना ओलं कापड लावून पलंगाखाली— ठिणग्या वाऱ्याबरोबर येतात. छातीपर्यंत आलंय. श्वास घेतला की छर्रे हलतात. ऐकू येतात.

सोमवार, ७ नोव्हेंबर

आता काढता येत नाही. बोटं पुरत नाहीत. किती बार झाले मोजायचं सोडलं. हे एकट्याने व्हावं, टेकडीवर, मेंढ्यासुद्धा नसतील तिथे. उद्या जातो. काडेपेटी घेतली आहे. लिहायला सोपं.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

पाय उचलत नाहीत. दारापर्यंत गेलो. जड. परत खुर्चीत. काडेपेटी हातातून घरंगळली, वाकता येत नाही. वाकलं तर

बुधवार, ९ नोव्हेंबर

सकाळ. बर्फ भुरभुरतोय. विल्फ आलाय. मागच्या दाराने. मला पाहून दचकला. म्हणतोय, ओठ बघ कसे झालेत, गारठून मेलास ना इथे. पांघरूण घातलं माझ्यावर. मला हलता येत नाही, हात तेवढा.

पाटीवर लिहिलं, जा. त्याने पाटी दूर धरली, जवळ धरली. चष्मा गाडीत राहिला म्हणाला. बाजूला ठेवली. म्हणतो, नंतर वाचतो रे, आधी तुला ऊब.

टेबल वाजवतोय. तो म्हणतो, हो हो, झालंच. पाठ माझ्याकडे आहे. शेगडीत लाकडं रचतोय. त्याला खाली ती काडेपेटी सापडली. विल्फ विल्फ नको, माझ्यापासून लांब, दार उघड आणि लांब जा, मी बोलू शकत नाही, तोंड बंद धरलंय दोन्ही— लिहायला एक हात— वळला, हसतोय, म्हणतो, "थांब होरेस, एवढी एक काडी